पाठीची माती

“अरं, ब्राझीलचा हायस न्हवं? मग गोल मार की!” प्रेक्षकांतून पुन्हा आरोळी उठली.

वाल्देमार बचावफळीतून तसूभरही हलला नाही. पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि आता कोल्हापुरातल्या एका तालमीचा फुटबॉल संघ. जिथं गेला तिथं लोकांनी त्याच्याकडं चेंडूसोबतचा नाचच मागितला. ब्राझीलचा माणूस नुसता गोल अडवतो, हे कुणाच्या पचनीच पडायचं नाही.

अंतिम सामना, एका गोलची आघाडी, शेवटचं मिनिट. चेंडू त्याच्या पायाशी आला आणि समोर सगळं मैदान मोकळं होतं. “पुढं घिऊन पळ!” कडेला उभे असलेले तालमीचे वस्तादही ओरडले. त्यानं चेंडू असा ठोकला, की तो थेट भिंतीपलीकडच्या रस्त्यावर पडला. शिट्टी वाजली. सामना जिंकला, तरी आपलेच लोक हुर्यो उडवत होते.

वस्ताद तावातावानं आले. “जरा डौल दावला असतास तर काय बिघडलं असतं?”

कुस्तीत हार झाली का, एवढंच जाणून घ्यायला आखाड्यातल्या पैलवानांना वस्ताद रोज जे विचारायचे, तेच वाल्देमारनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, “पाठीला माती लागली?”

 वस्ताद प्रेक्षकांकडं वळून कडाडले, “कोण रं त्यो वरडतोय? ये खाली, मातीत उतर!”