पाय पूर्वेला

आता एकच कबर हलवायची राहिली होती.

"ती असू दे," थोरला म्हणाला. "रस्ता तिथवर येत नाही."

"बाबा, खुणेची खुंटी तिच्या उशाशीच ठोकलीय त्यांनी. आईवरून ट्रक जाऊ देऊ?"

बापलेक दोघेही कबरी खणणारे. लोक त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. मिशा पिकल्या तरी धाकटा धाकटाच राहिला होता. नजर गेल्यापासून थोरला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसे आणि नुसत्या फावड्याच्या आवाजावरून लेकाच्या चुका काढी.

जुन्या दफनभूमीतून रस्ता जाणार होता. तीन आठवडे कबरी टेकडीवरच्या नव्या जागेत नेणं चालू होतं.

"शेवटच्या दिवशी सगळे उठणारच आहेत की," रस्त्याचा मुकादम हसला होता. "तुम्ही आपले जरा आधी उठवताय."

"तुझाच रस्ता वाचवतोय," थोरल्याने सुनावलं होतं. "ते उठतील तेव्हा फोडून उठतील."

थोरल्याचा विश्वासच तसा. आपण पुरत नाही, पेरतो, असं तो प्रत्येक रडणाऱ्याला सांगे. पेटी उतरवताना पाय पूर्वेलाच हवेत. ख्रिस्त येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड उजेडाकडे असावं. त्याच्या हातून पेटी उलटी पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

धाकटा सहा वर्षांचा असताना आई साथीत गेल्याचा निरोप आला. आत्याच्या घरून त्याला आणेपर्यंत कबर बुजली होती.

"मी खूप मोठा झालो, तर आई मला ओळखेल?" त्याने विचारलं होतं.

"लांबूनच ओळखेल," बाप म्हणाला होता. त्या दोन शब्दांवर धाकट्याने आयुष्य काढलं.

कुजलेल्या फळ्या लागल्या, तसा तो थबकला. खांद्यांकडची रुंद बाजू पूर्वेला होती. पेटी उलटी! बिचारे बाबा, त्याच्या मनात आलं. त्या दिवशी हात थाऱ्यावर नसतील.

त्याने हाताने माती बाजूला केली. हाड नाही, केस नाही, साधं बटणही नाही. नुसते गोटे, एकाला एक लावून नीट रचलेले.

आई कुठे आहे? आणि नसेल, तर त्या दिवशी इथून उठणार कोण?

वर थोरला ओठ हलवत प्रार्थना करत होता. हे कळलं तर म्हातारा उभ्याउभ्या जाईल. धाकट्याने गोटे पोत्यात गुंडाळले, छोट्या नव्या पेटीत ठेवले आणि खिळे ठोकले.

टेकडीवर चर्चच्या पाळकांनी पुस्तक उघडलं.

"पाय?" थोरल्याने विचारलं.

"पूर्वेला, बाबा."

"डोळ्यांनी पाहिलंस तिला?"

"पाहिलं. आईच आहे."

थोरला चाचपडत वाकला. त्याने पेटीवर हात ठेवला.

"पाळकसाहेब, थांबा," तो म्हणाला. "गोट्यांवर पुनरुत्थानाचं वचन वाचू नका."

धाकट्याच्या हातून फावडं गळून पडलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच भरले होते. ती मेली नव्हती रे, सोडून गेली होती. पोराला काय सांगायचं? सोडून गेलेल्या आईचा पोर राग धरतं. मेलेल्या आईची वाट बघतं."

पाळकांनी पुस्तक मिटलं.

"बाबा," धाकट्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता, "एकदा तरी आली का हो ती माझ्यासाठी?"

"आली होती. दुसऱ्याच वर्षी, तुला न्यायला. तू शाळेत होतास." थोरल्याने पेटीवरचा हात काढून घेतला. "मी तिला एका लहानशा कबरीपाशी नेलं आणि म्हटलं, हा आपला मुलगा."