शाल

गोळ्या बंद करून पाचवा दिवस होता. डोक्याला चिकटवलेल्या तारा, समोर कॅमेरा. ऑपरेशन जमेल का ते ठरवायला डॉक्टरांना माझी फिट बघायची होती. वीस वर्षं फिट येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवणारी आई आता तिचीच वाट बघत होती. “फिट आली की बटण दाबा आणि बाजूला व्हा,” तिला बजावलेलं. दुपारी फिट आली. संध्याकाळी डॉक्टरांनी रेकॉर्डिंग लावलं, तर मी नव्हतेच. आईने मला शालीखाली झाकलं होतं. “पुन्हा थांबावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. आई ओशाळली. “लोक बघत बसतात ना हिला.” पडद्यावर ती शालीवर वाकून ओक्साबोक्शी रडत होती. शुद्धीवर आल्यावर मला नेहमी हसरी आईच दिसायची. तिने शाल घडी करून नर्सला दिली. “ही ठेवा. फिट आली की माझे हातही धरा.”