डोळे कुणी मिटले?

रोसारिओ शहरातल्या छापखान्यात एवारिस्तोनं आपलं नवंकोरं चित्रपुस्तक टेबलावर आपटलं. यंत्रमानवांनी अख्खं शहर कापून काढल्याचं मधलं पान त्यानं वर्षभर खपून काढलं होतं. रस्ताभर प्रेतं, आणि एकूणएक प्रेताचे डोळे उघडे. छापून आले ते सगळे मिटलेले.

"माझ्या मढ्यांना हात कुणी लावला, नेलिदा?"

"मी छापखाना चालवते बाबा, कब्रस्तान नाही," नेलिदा नळीनं कडू चहा ओढत म्हणाली. "आधी तुझं मूळ पान बघ की."

त्यानं पिशवीतून मूळ पान काढलं. तिथंही सगळे डोळे मिटलेले होते, घरच्या माणसानं मिटावेत तसे हळुवार.

"निदान कुणाला तरी दया आली त्यांची," नेलिदा म्हणाली.

एवारिस्तोचं टाळकं सरकलं. "माझी माणसं मी मारलीत. ती कशी दिसणार ते मी ठरवणार." त्यानं टाक उचलला आणि एका म्हातारीचे डोळे पुन्हा टक्क उघडे काढले.

शाई ओली असतानाच तिच्या पापण्या खाली आल्या.

"कोण करतंय हे?"

नेलिदानं चहाची नळी खाली ठेवली. ती त्याच्या खांद्यामागं बघत होती.

दोन गार बोटं त्याच्या कपाळावरून अलगद खाली आली आणि त्याच्या पापण्यांवर टेकली.