बरणीतली रांगोळी

आमची लेक हरिणी वारल्यापासून कुंभकोणमच्या या गल्लीत आमचाच उंबरा कोरा आहे. घरात मृत्यू झाला की वर्षभर आम्ही रांगोळी काढत नाही.

पण तिनं काचेच्या बरणीत लावलेल्या बागेत रोज सकाळी रांगोळी दिसते. काचेवर आतून धरलेल्या वाफेवर, बोटानं काढलेली. झाकण मेणानं बंद आहे. शेवटचं वळण जुळवायचं हरिणी कायम विसरायची. इथंही ते उघडंच असतं.

हल्ली आतलं शेवाळ काळं पडत चाललंय.

"अलमेलु, कुजतंय ते. झाकण उघड, वारा लागू दे," हे म्हणतात.

"अहो, आणि ती निघून गेली तर?"

काल मात्र काचेवर नुसते पुसट ठिपके उरले होते. पोर आत गुदमरतेय, एवढंच मला कळलं. मेण खरवडून झाकण काढलं. "ये गं बाळा, बाहेर ये," म्हणत बरणीवर वाकून रडले. वाफ उडून गेली. बाकी काहीच झालं नाही.

आज पहाटे यांनी मला गदागदा हलवून उठवलं.

आमच्या अंथरुणाभोवती फरशीवर, ओल्या बोटानं काढलेली रांगोळी होती. शेवटचं वळण या वेळी नीट जुळवलेलं होतं, आणि आम्ही दोघं आत होतो.