कामाला न गेलेला

"बाबा, जरा इकडे या," गावप्रमुख सेबाहिरेने रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली.

एलिएझेर गाशुम्बा प्रार्थनेहून परतत होता. अंगात इस्त्रीचा कोट, काखेत बायबल. टेकडीवरचं बाकीचं गाव सकाळपासून चर खणून नुकतंच गवतावर टेकलं होतं. महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे सरकारी श्रमदान, आणि श्रमदानानंतर सभा. उताराची माती वाहून शाळेच्या वाटेवर येत होती, म्हणून हे चर. घरटी माणूस आलाच पाहिजे असा कायदा. गाशुम्बा त्या दिवशी कधीच आला नव्हता.

"याच्या देवाला चिखलाचं वावडं आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. तरुण मंडळी हसली.

"चिखलाचं कसलं वावडं?" गाशुम्बा म्हणाला. "आमच्या पंथात रविवार नाही, शनिवार देवाने विश्रांतीला दिलाय. उद्या येतो आणि माझ्या वाटचा चर खणतो. दर वेळी खणतोच की."

सेबाहिरे वाईट माणूस नव्हता. त्याचं बालपण सीमेपलीकडच्या निर्वासित छावणीत गेलं होतं. या टेकडीवर तो अलीकडेच राहायला आला होता. मोडलेला देश शिस्तीनेच उभा राहील, असं त्याला मनापासून वाटे.

"उद्या खणून चालत नाही, बाबा. प्रत्येकाने आपापला वार निवडला तर सरकार हवंच कशाला? सरकारने हाक दिली की सगळ्यांनी यायचं. एका दिवशी, एकत्र. मला तुमचं नाव वर कळवावं लागेल. कदाचित आत टाकतील."

"कळवा. बोलावतील तिथे जाईन, देतील ती शिक्षा भोगीन. तुमच्यावर राग धरणार नाही. कायदा मोडला तर शिक्षा घ्यायची, एवढं मलाही कळतं. पण शनिवारी कुदळ उचलणार नाही."

सेबाहिरे सभेकडे वळला. "कळवायचं ना? हात वर करा."

तरुणांचे हात झटकन वर गेले. वयस्क पुरुष मात्र खाली बघत राहिले. एकजण कुदळीच्या पात्यावरची माती नखाने खरवडू लागला.

"काय हो, वाचा बसली का सगळ्यांची?" सेबाहिरेने त्यांना विचारलं.

तेव्हा कोन्सोलाता उठली. टेकडीच्या टोकाला एकटीच राहणारी ही बाई सभेत कधी तोंड उघडत नसे.

"कोन्सोलाता, राहू दे," गाशुम्बा हलक्या आवाजात म्हणाला.

"राहू कसं दे?" ती म्हणाली आणि प्रमुखाकडे वळली. "साहेब, देश मोडला त्या एप्रिलमध्ये तुम्ही इथे नव्हता. तेव्हाही सरकारने हाक दिली होती. रेडिओवर रोज सांगायचे, कामाला चला, कोयते घरून आणा. तेव्हाचा प्रमुख दारोदार फिरला. सगळ्यांनी यायचं, एकत्र, असंच तोही म्हणाला. तोही सरकारचाच हुकूम होता. हे समोर बसलेत ना, यांतले कितीतरी गेले. त्याची शिक्षा भोगून परत आलेत. या आळीतून गेला नाही तो एकटा गाशुम्बा. घराला आग लावू म्हणाले, तरी गेला नाही."

सेबाहिरेचा चेहरा उतरला. मागच्या रांगेतल्या एका पोराला मात्र अजून उमगलं नव्हतं.

"का?" तो हसत म्हणाला. "तेव्हाही शनिवारच होता वाटतं?"

"मंगळवार होता," कोन्सोलाता म्हणाली. "आणि काम होतं आम्हाला, आमच्या जमातीच्या माणसांना मारायचं. मी याच्या माळ्यावर लपले होते."