लिफ्टवाल्याचा माइक

"लिफ्टवाले, तुमचा माइक पुन्हा उघडा राहिलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरातला नळ आम्हा सगळ्यांना ऐकू येतोय."

बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी दुपारी या चौघांच्या टीमच्या कॅप्टन असायच्या. कॉम्प्युटरवरचा खेळ, चौघं चार ठिकाणी, कानात एकमेकांचे आवाज. बाईंनी बाकी तिघांची तोंडंही पाहिली नव्हती. धंद्यावरून नावं पडली होती: लिफ्ट दुरुस्त करणारा तो लिफ्टवाला, दवाखान्यात फोटो काढणारा तो एक्स-रेवाला, आणि चष्म्याचं दुकान असलेला तो चष्मेवाला.

लिफ्टवाला आणि चष्मेवाला सख्खे भाऊ आहेत, हे बाकी दोघांच्या गावीही नव्हतं. कळणार तरी कसं? दीड वर्ष त्यांच्यात अबोला होता. धाकटा, म्हणजे चष्मेवाला, या टीममध्ये आधीपासून होता. थोरला मागाहून आला. आवाज ऐकताच दोघांनी एकमेकांना ओळखलं, पण टीम कुणीच सोडली नाही. खेळात बोलावंच लागे, नाहीतर चौघंही मरत. "छपरावर एक आहे." "औषध टाक इकडे." त्यापलीकडे अक्षर नाही.

आई थोरल्याकडे राहायची, आणि हट्टाच्या बाबतीत ती या दोघांचीच आई. आधी तुम्ही एकमेकांशी बोला, मग माझ्याशी बोला, असं बजावून तिने धाकट्याचा फोन घेणंच सोडलं होतं.

म्हणून धाकट्याला हा उघडा माइक हवा होता. दुकानाचं शटर अर्धं ओढून, भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमांसमोर तो कान टवकारून बसायचा. आईच्या सपाता ऐकू यायच्या, तिचा खोकला ऐकू यायचा. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ती थोरल्याची खरडपट्टी काढायची आणि धाकटा इकडे एकटाच हसायचा. कधीकधी डोळे पुसायची वेळ यायची. मऊ फडक्यांना दुकानात तोटा नव्हता.

"अख्ख्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करता, आणि हे एक बटण जमत नाही तुम्हाला?" बाईंचा पारा चढला होता. "बोलताना दाबायचं, बोलून झालं की सोडायचं. पहिलीतली मुलं करतील. आज जमलं नाही, तर पुढच्या रविवारी मी दुसरा गडी बघते."

"राहू द्या की बाई," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "मला काही त्रास नाही होत."

"तुम्हाला नसेल. मला शत्रूची पावलं ऐकायची असतात, नळ नाही."

"बरं, बघतो," लिफ्टवाला म्हणाला. नळ थांबला.

नवा डाव सुरू झाला. पडद्यावर एक ओसाड दुमजली घर होतं. धाकटा वरच्या खोलीत खिडकीशी दबा धरून बसला. थोरला खाली अंगणात, बाहेरच्या जिन्यावर नजर ठेवून. बाई आणि एक्स-रेवाला रस्त्यापलीकडे.

धाकट्याने हेडफोन कानांवर दाबून धरले. सपाता नाहीत. खोकला नाही. थोरल्याच्या बाजूने नुसती शांतता. पुढच्या रविवारीही हेच, त्याच्या पुढच्याही. इतके दिवस तोंडाशी असलेलं "आधी मी का बोलू?" आता त्याला अगदी फालतू वाटायला लागलं.

"दादा," तो म्हणाला.

"कोण दादा?" बाईंनी विचारलं.

"दादा, माइक नको ना बंद करूस. मला आई ऐकू येत नाही."

खेळात लांब कुठेतरी एक गोळी झाडल्याचा आवाज आला.

"बंद नाही केला," थोरला म्हणाला. "चालूच आहे. मी फक्त नळ बंद केला."

"मग आई?"

"ही काय, शेजारीच आहे माझ्या. डावा इअरबड तिच्याच कानात असतो. दर रविवारी. बाई रागावल्या ना, तेव्हापासून तोंडावर हात धरून बसलीय. मला टीममधून काढलं तर तुझा आवाज कुठून ऐकणार, म्हणून."

"म्हणून हा दर वेळी डावीकडून मार खातो होय!" एक्स-रेवाला बोलून गेला.

पडद्याकडे आता धाकट्याचं लक्षच नव्हतं.

"बरा आहेस ना?" थोरल्याने विचारलं.

"आहे. तू?"

"मी पण. ते तुझं दुकान... चाललंय ना नीट?"

"चाललंय. तू ये ना एकदा, तुझा नंबर तपासून..."

तेवढ्यात माइकला अगदी चिकटून तिसराच आवाज आला.

"अरे, बोलत काय बसलात दोघं! जिन्यात बघ, जिन्यात! वर येतोय तो तुझ्याकडे!"