मालधक्क्यावरचा दुभाषी

वस्तऱ्याचं पातं कप्तानाच्या गळ्यात रुतलं होतं आणि रक्त कॉलरवर उतरत होतं. सोडवायला गेलेला एक शिपाई चिरलेला हात धरून खाली विव्हळत होता. युद्धकैद्यांची गाडी नंदुरबारला पाण्यासाठी थांबली, मालधक्क्यावर कैद्यांच्या दाढ्या सुरू झाल्या, आणि सालेम नावाच्या अरब कैद्याने न्हाव्याचा वस्तरा हिसकावून आपल्याच इटालियन कप्तानाला धरलं. तेव्हापासून तो एकच वाक्य ओरडत होता. गोरा सार्जंट त्याच्यावर बंदूक रोखून होता.

फौजदाराने गाव पालथं घातलं. अत्तरवाल्या बोहऱ्याला नमाजापुरतीच अरबी येत होती, आणि इटालियन कोण बोलणार? मग कुणाला तरी रनाळ्याचा भिला आठवला. आफ्रिकेच्या लढाईत तो इटालियनांच्या हाती सापडला आणि छावणीत दगड फोडता फोडता त्यांची भाषा शिकला. पळाला तेव्हा अरब मेंढपाळांनी त्याला तंबूत लपवून जगवलं. त्यांची भाषा त्यांच्या भाकरीबरोबर पोटात गेली.

भिला धक्क्यावर चढला आणि कप्तानाचं तोंड पाहून जागीच थिजला. ह्याच माणसाने नवलला, त्याच्या धाकट्या भावाला, छावणीतल्या पाण्याच्या टाकीपाशी गोळी घातली होती. का, तर रांग मोडून ओंजळ पुढे केली. वर त्याला बुटाने उलटं करून पाहिलं होतं. कप्तानाने मात्र भिलाला ओळखलं नाही. छावणीतले सगळे हिंदी त्याला सारखेच.

"काय म्हणतोय तो?" फौजदाराने विचारलं.

"इचारी ऱ्हायना, मन्हा भाऊ कोठे शे."

सालेमच्या जखमी भावाला कप्तानाने मोटारीत घालून नेलं होतं. तो पुन्हा दिसलाच नाही. भिलाने इटालियनमध्ये विचारलं.

"जिवंत आहे," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाय गेला, पण त्रिपोलीच्या दवाखान्यात मीच पोचवला. सारखा झैनब, झैनब करत होता."

मेला, एवढंच म्हणायचं. भिलाच्या जिभेवर शब्द आलाही. नवलचा सूड परस्पर उगवला असता, कुणाला पत्ता लागला नसता. पण मग सार्जंटने सालेमलाही जागीच आडवा केला असता, आणि सालेमच्या लोकांचं मीठ भिलाने खाल्लं होतं.

त्याने अरबीत खरं ते सांगितलं, झैनबसकट.

"झैनब आमची बहीण," सालेम पुटपुटला. वस्तरा गळून पडला. तो मटकन बसला आणि हुंदके देऊ लागला. शिपाई बंदुकांचे दस्ते उगारून धावले. भिला मध्ये आडवा आला, एक दणका त्याच्याच खांद्यावर बसला. सालेमला ओढत डब्यात नेलं. सार्जंटने बंदूक खाली घेतली.

कप्तानाने गळा पुसला. "देवमाणूस आहेस," तो इटालियनमध्ये म्हणाला. "नाव काय तुझं?"

"शाब्बास, भिला," फौजदार म्हणाला. "काम झालं. जा घरी."

भिलाने वाकून वस्तरा उचलला.

"त्या दोन्हीसनं बोलनं व्हयनं, सायेब," तो म्हणाला. "आते मन्हं बाकी शे."